परतायची वेळ

कुठेही निघालो असं सांगितलं की गुप्तेबाई आधी ‘परत कधी?’ असं विचारायच्या. कुठे आणि कशाला हे प्रश्न नंतर. सगळी नोकरी त्यांनी खालापूरच्या शाळेत भूगोल शिकवण्यात घालवली होती आणि निवृत्तीनंतर आमच्यासारख्या कार्यकर्त्यांना शिस्त लावायचं मनावर घेतलं होतं. मुलं बरी होती, असं त्या अधूनमधून म्हणत.

आमची संस्था कशेळ्याच्या वरच्या वाड्यांमध्ये आरोग्याचं काम करते. आम्ही, साजगावच्या लताताईंचे बचत गट आणि बाई ज्याच्या मंडळावर होत्या ते खालापूरचं मुलींचं वसतिगृह, अशा तिघांत मिळून एक जीप. डिझेल तिघांचं, भांडणंही तिघांची. गाडी कुणी कधी न्यायची हे फोनवर ठरे, म्हणजे ठरत नसेच. ड्रायव्हर रघुनाथ बिचारा ज्याचा फोन शेवटी येईल त्याच्याकडे जायचा.

बाई मुंबईतल्या भाचीकडून ऑनलाइन शीट करायला शिकून आल्या आणि आम्हा सगळ्यांच्या मोबाइलवर त्यांनी ती चढवली. तारीख, संस्था, गाव, निघायची वेळ, परतायची वेळ. शेवटचा रकाना रिकामा राहिला की दहा मिनिटांत बाईंचा फोन. “जायची वेळ कुणीही लिहितं. यायची लिही. पुढचा माणूस तिच्या भरवशावर बसलाय.” लताताई एकदा वैतागून म्हणाल्या, “बाई, तुमी आमाला अजून वर्गातच बसवलंय.” बाईंनी त्यांना गृहपाठ पुरा करायला सांगितलं.

भांडणं थांबली असं नाही, पण ती गाडीवरून होईनाशी झाली. आमची औषधं घेऊन वर गेलेली जीप येताना वसतिगृहाच्या मुलींना घेऊन येऊ लागली. शीट सगळ्यांना खुली होती. कुणीही लिहावं, कुणीही पुसावं. तिला कुलूप घालायला बाई तयार नसत. किल्ली कुणाकडे ठेवायची यावरून तुम्ही वर्षभर भांडाल, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते खोटं नव्हतं.

मग एकदा डोळे तपासणीच्या दिवशी जीप आलीच नाही. वाडीतली म्हातारी माणसं सकाळपासून समाजमंदिरात बसून राहिली आणि डॉक्टर कशेळ्याच्या नाक्यावर ताटकळून परत गेले. शीटमधली आमची ओळ गायब होती आणि त्या जागी लताताईंच्या गटाची बैठक होती. लताताईंनीच पुसलं, हा निकाल आमच्या ऑफिसात चहा संपायच्या आत लागला. तो त्यांच्या कानावर गेला आणि त्यांनी जीपमधला वाटा सोडायचं ठरवलं. त्यांच्या वाट्याशिवाय जीप चालणं शक्य नव्हतं. ती विकली असती तर वरच्या वाड्यांचं कामच थांबलं असतं.

वसतिगृहात बैठक बसली. “जागा रिकामी दिसली म्हनून नाव टाकलं,” लताताई म्हणाल्या. “पुसापुशी आमी करत नाय. चोर म्हनवून घ्यायला गाडी नको आमाला.”

“कुणी काय बदललं ते शीटमध्ये दिसतं,” बाई म्हणाल्या. “सकाळी मी पाहिलं. ओळ माझ्या मोबाइलवरून गेली आहे. बसमध्ये वसतिगृहाची वेळ बदलत होते, बोट भलतीकडे लागलं. लता, तुझं नाव उगाच आलं.”

बाईंनी तिथेच शीटची मालकी माझ्याकडे दिली आणि आपला लिहायचा अधिकार काढायला सांगितला. फक्त बघायचा ठेवायचा. लताताईच मध्ये पडल्या. “आवो बाई, चूक कुनाची होत नाय? ऱ्हाऊ द्या.”

“तुझी झाली असती तर राहू दिला असता,” बाई म्हणाल्या.

मला ते तेव्हा जरा अति वाटलं. पण लताताई राहिल्या आणि जीपही राहिली. पुढच्या तपासणीला बाई स्वतः वर गेल्या आणि आपली चूक वाडीत सांगून आल्या. शीटमध्ये त्या पुन्हा काही लिहू शकल्या नाहीत. रकाना रिकामा राहिला की फोन मात्र यायचा.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा असाच फोन आला. पनवेलला हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. “गुरुवारी सकाळी गाडी मोकळी दिसते,” त्या म्हणाल्या. “माझं नाव टाकशील का?”

हे मला विचारायचं का, असं म्हणत मी लिहायला घेतलं. तारीख, पनवेल, सकाळी सात. शेवटच्या रकान्यापाशी माझं बोट थांबलं.

“अकरा लिही. दुपारी लताला गाडी लागते आहे.”

“आणि बाई, तुमची यायची?”

“रकाना गाडीचा आहे,” बाई म्हणाल्या. “माझी वेळ त्यात नको.”

जीप अकराच्या आत परत आली आणि दुपारी लताताईंच्या कामाला गेली. ऑपरेशननंतर बाई शुद्धीवर आल्या नाहीत. आता कुणी शेवटचा रकाना रिकामा ठेवला की फोन मला करावा लागतो. मी आधी ‘परत कधी?’ एवढंच विचारतो. कुठे आणि कशाला हे नंतर.