पोरगा एक्स्चेंजात आहे

ज्या ऑफिसात काम थोडं आणि माणसं फार, तिथं किस्से तलावातल्या गाळासारखे साचतात. उपसले तरी पुढच्या वर्षी पुन्हा तेवढेच. आमचं ऑफिस भंडारा जिल्ह्यातलं, नोकरी मागणाऱ्यांची नावं लिहून घ्यायचं. नोकरी द्यायचं नव्हे, पण हे लोकांना सांगून पटत नसे. लोक त्याला एक्स्चेंज म्हणत. नाव लिहिलं की एक कार्ड मिळे. दर तीन वर्षांनी येऊन ते रिन्यू करायचं, नाहीतर आधीचं सगळं वाट पाहणं फुकट.

*

आसगावचा मोरेश्वर बीए होऊन नाव लिहायला आला, तेव्हा पंचाहत्तर साल असेल. मी विचारलं, "आणखी काय येतं?"

"धानाचा रोवणा येते जी. नांगर येते."

मी लिहायला लागलो, तर शेजारून आमचे बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणाले, "ते नका लिहू. पोरगा शिकलेला वाटणार नाही."

मोरेश्वर म्हणाला, "आमचा बाबा बी हेच म्हणते."

*

बडेबाबू सगळ्यांना एकच सल्ला देत : टायपिंग शिका. अख्ख्या गावाला मिळून एक टायपिंग क्लास. तिथं टकटक करून मोरेश्वर सर्टिफिकेट नोंदवायला आला, तर रांगेत त्याच्यापुढे क्लासचे सरच उभे.

"सर, तुम्ही इथं काहून?"

सर मागे न बघता म्हणाले, "तुझ्या आधीपासून आहे मी."

*

नोंदणी फुगत गेली, तशा वरून दोन जागा मंजूर झाल्या. आमच्याच ऑफिसात, वाढलेले बेरोजगार लिहून घ्यायला. मोरेश्वर धावत आला. "या तरी आमाले भेटतीन ना जी?"

दोन्ही जागांवर बाहेरून बदलीची माणसं आली. बडेबाबू त्यांचा चहा मागवत म्हणाले, "बेरोजगारीनं कोणाचंच भलं केलं नाही, असं म्हणता येणार नाही."

*

अखेर मोरेश्वरला एका कचेरीचा कॉल आला. जागा एक, आत गेले तिघं. पहिल्याला विचारलं, "वैनगंगेला पूर का येतो?" मोरेश्वरला विचारलं, "कारध्याच्या पुलाला खांब किती?" तिसऱ्याला विचारलं, "आई बरी आहे ना?"

तिसरा लागला.

मोरेश्वर संध्याकाळी आमच्या ऑफिसात आला, पायजम्याला चिखल. म्हणाला, "मोजून आलो जी खांब. आता कोणीबी विचारू दे."

नंतर कोणीच विचारलं नाही.

*

तिसरं रिन्यूअल आलं, तोवर मोरेश्वरची तिशी ओलांडली होती. नोकरी नाही म्हणून दोन ठिकाणी जमलेलं लग्न मोडलं. हेही मोडलं तर पुन्हा कोणी दारात येणार नाही, असं त्याची आई सांगत फिरे. म्हणून तिसऱ्या ठिकाणी, पोरगा काय करतो, या प्रश्नाला मध्यस्थानं उत्तर दिलं, "एक्स्चेंजात आहे."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं.

पुढच्याच आठवड्यात मुलीचे वडील आमच्या ऑफिसात हजर. सोबत मॅट्रिक झालेला त्यांचा मुलगा.

"मोरेश्वरराव इथंच आहेत ना जी?"

"इथंच," बडेबाबू म्हणाले. "बरीच वर्षं झाली."

"पक्के आहेत?"

"इथून कोणी हलत नाही."

तेवढ्यात म्हाताऱ्याची नजर खिडकीबाहेर गेली. रिन्यूअलच्या रांगेत, उन्हात, सगळ्यात पुढे मोरेश्वर.

"अरे, जवाईबापू! तुम्ही बाहेर कायले उभे?"

मोरेश्वरनं हातातलं कार्ड पाठीमागे लपवलं. बडेबाबूच म्हणाले, "बाहेरचं काम त्यांच्याकडे असतं."

म्हातारा खूश झाला. मुलाला टेबलापुढे सारत म्हणाला, "मंग आमच्या गणपतलेबी इथंच लावून द्या ना. जवाईबापूच्या हाताखाली राहीन."

बडेबाबूंनी कोरं कार्ड काढलं, गणपतचं नाव लिहिलं, शिक्का मारला. "लावला."

"इतक्यात झालं बी?" म्हाताऱ्यानं कार्ड दोन्ही हातांत धरून कपाळाला लावलं. "मंग हजर कवा व्हाचं यानं?"

बडेबाबू शिक्क्याचं पॅड पुसू लागले.

मोरेश्वरनं आपलं कार्ड खिडकीतून आत सरकवलं.

"तीन वर्षांनी, मामाजी."