आधी पाणी

"आधी पाणी. मग काय असंल ते."

फौजींचं हे वाक्य ज्यानं ऐकलं नाही, तो आमच्या कंपनीत कधी आलाच नाही असं समजा. एका हातात पितळी पेला, दुसऱ्या हातात कागदातला गुळाचा खडा. पोस्टमन येवो, पंखा दुरुस्त करणारा येवो, नाहीतर आमच्यावर खेकसायला आलेला सुपरवायझर येवो. त्यानं तोंड उघडलं की हे पेला पुढे करायचे. गुळाचा खडा तोंडात ठेवून कोणाला ओरडता येतं का? तुम्हीच करून बघा.

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या गोळ्या भरायची आमची कंपनी. मी पॅकिंगला, ते बॉयलरवर. साताऱ्याकडचे, पन्नाशीला आलेले, पलटणीतून निवृत्त झालेले, म्हणून सगळे फौजीच म्हणायचे. त्यांच्या गुळाला मुंग्या लागायच्या आणि ती रांग भिंतीच्या कडेनं थेट आमच्या टेबलापर्यंत यायची.

"फौजी, तुमची पलटण आवरा हो!" मी ओरडायचे.

"बिनपगारी हायत बिचाऱ्या. ऱ्हाऊ दे पोरी," ते म्हणायचे.

गावाकडे दारी आलेल्याला गूळपाणी देतात, हे काय आम्हाला माहीत नव्हतं? पण हा माणूस कोणी मागायच्या आतच पाणी द्यायला का धावतो, ते कळलं संपात.

ते दिवसच संपांचे होते. आमचाही लांबत गेला. गेटसमोर तंबू टाकून आम्ही बसायचो. सुरुवातीला घसे फुटेस्तोवर घोषणा दिल्या, मग बसून द्यायला लागलो, मग नुसतेच बसायला लागलो. घरी चूल रोज पेटेलच असं नव्हतं. इतका कंटाळा आला होता की जिंकलो काय, हरलो काय, एकदाचं संपू दे, असं मनात यायचं. बोलायचं मात्र कोणी नाही.

त्यात कंपनीनं मागच्या दारानं बाहेरची माणसं कामाला आणली. मालकाच्या गुंडांनी आमच्या एकाचा हात मोडला. आणि एका दुपारी आमच्या लोकांनी त्या बाहेरच्यांपैकी एकाला पकडून आणलं. मानखुर्दचा, काडीपैलवान, हातात जेवणाचा डबा. डबा लाथेनं उडाला. त्याचे हात मागे करून त्याला तंबूच्या बाहेर, उन्हातल्या खांबाला बांधलं.

"कोणी आणलं, किती जण आहेत, सगळं सांगेपर्यंत पाण्याचा थेंब द्यायचा नाही," आमच्या युनियनचा सेक्रेटरी म्हणाला. तरुण पोरगा, धडाडीचा. मोडलेला हात त्याच्या भावाचा होता.

मलाही त्या माणसाचा राग होता. माझ्या टेबलावर बसून माझं काम करत होता मेला! पण तासाभरानं तो "पाणी, पाणी" करायला लागला आणि मी उठून तंबूच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.

तेवढ्यात फौजी आले. बघितलं, आणि काही न विचारता तंबूतल्या मडक्यावरचा पेला भरला.

सेक्रेटरी आडवा आला. "फौजी, ही लढाई आहे. तुम्ही तर खऱ्या लढाईवर होतात. तुम्हीच सांगा यांना, पकडलेल्याचे लाड करतात का?"

फौजी मडक्याशेजारी खाली बसले. पेला हातातच होता.

"सांगतो," ते म्हणाले. "एकाहत्तरची लढाई सरली न् कैदी आमच्या ताब्यात आलं. माझ्या गावचा, माझ्याच पलटणीतला दोस्त पडला हुता. माझा पहारा हुता. आतला एकजण सारखा 'पानी, पानी' करायचा. मडकं असंच माझ्या हाताशी. देऊ नगं असा कुणाचा हुकूम नव्हता. उलट द्यायचाच हुकूम हुता. पर मी म्हनलं, वरड. माझा दोस्त गेला, तू वरड. दुपारभर मी बहिरा झालो."

फौजींनी मान खांबाकडे वळवली.

"सांजच्याला राग उतरला, पाणी घेऊन गेलो. तर त्यानं सोता घोटभर बी घेतलं न्हाई. शेजारच्या जखमीच्या तोंडाला पेला लावला. त्याच्यासाठी मागत हुता रं तो! पर पाणी गालावरनं खाली सांडलं. जखमी कवाच गेला हुता." फौजींनी पेल्यात बघितलं. "डॉक्टर म्हनला, तसाबी वाचला नसता. नसंल वाचला. पर तहानेला गेला. ते माझ्यामुळं."

सेक्रेटरीचे डोळे लाल झाले होते, पण तो हलला नाही. "माझ्या भावाचा हात मोडलाय, फौजी. याला पाणी पाजलंत तर पुन्हा या तंबूत पाऊल टाकायचं नाही."

फौजी उठले. त्या माणसाचे हात सोडले, त्याला सावलीत आणलं, पेला दिला, गुळाचा खडा दिला. तो पिऊन झाल्यावर त्याच्याबरोबर रस्त्याच्या टोकापर्यंत चालत गेले. परत आले ते तंबूत नाही. समोरच्या फुटपाथवर एकटेच बसले. दुसऱ्या दिवसापासून तिथेच. संपावरच होते ते, पण आमच्यात नव्हते. फितूर म्हणायचे त्यांना. मी भांडले, माझं कोण ऐकतं?

शेवटी तडजोड झाली. तडजोड कसली, दोन्हीकडचे दमले. आम्ही आत गेलो. सगळ्यांना मात्र घेतलं नाही. फौजी संपवाले म्हणून कंपनीला नको होते, फितूर म्हणून युनियन त्यांच्यासाठी बोलली नाही. बाहेरून आणलेल्यांनाही त्याच सकाळी हाकललं.

दुपारच्या सुट्टीत गेटबाहेर बघते तर समोरच्या दगडावर फौजी बसलेले, आणि त्यांच्या शेजारी तो मानखुर्दवाला. बॉयलरजवळ फौजींचा पितळी पेला पडून होता. तो घासला, भरला आणि घेऊन गेले.

"फौजी, आधी पाणी."

ते हसले. पेला घेतला आणि तसाच शेजारच्याच्या हातात दिला.

"थांबा, तुमच्यासाठी आणते," म्हणून मी आत धावले. आत सुपरवायझरनं अडवलं. कामाची वेळ झाली, शिस्त, गेटबाहेर कशाला जाता, सगळं ऐकवलं. आता त्याच्या तोंडात गूळ घालणारं कोणी नव्हतं.

दुसरा ग्लास घेऊन बाहेर आले तर दगडावर दोघंही नव्हते. पितळी पेला तेवढा पालथा घातलेला होता. उचलला, तर त्याखाली कागदात गुळाचा खडा. अजून मुंग्या लागल्या नव्हत्या.