पंप रूममागचे सात गोळे

चहा आधी संपवा, मग ऐका. हसताना नाकात गेला तर मी जबाबदार नाही. आणि हसणार तर तुम्ही आहातच, कारण माझा हा घोळ आमच्या बाळकुमच्या सोसायटीत शाळकरी पोरंसुद्धा साभिनय सांगतात. फक्त एक आधीच बजावून ठेवतो. मी चुकलो, पण पूर्ण चुकलो नाही. हे मी शेवटपर्यंत म्हणणार.

तर आमच्या पंप रूमच्या मागे कित्येक वर्षांचं रान माजलेलं. तिथे गाड्या लावायच्या म्हणून आमचे चेअरमन घरत यांनी ते साफ करून घेतलं, आणि खाली निघाले सात गोळे. वरून घुमटासारखे, खालून सपाट, शेवाळलेले. मी लगेच पट्टी घेऊन गेलो. सातही गोळे रुंदीला बरोबर पंधरा इंच.

आता मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? गाडी लावली असती. मी वाचनालयात गेलो.

पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं. वाळूत एखादा शिंपला किंवा पान अडकतं, त्याच्याभोवती चुना नाहीतर लोह वाळूचे कण बांधत जातं आणि हजारो वर्षांनी गोल दगड तयार होतो. लोक त्यांना राक्षसाची अंडी समजतात. बाळकुमला खाडी जवळ. खाडी म्हणजे वाळू, वाळू म्हणजे शिंपले. अजून काय पुरावा हवा?

तरी मी पुरावा काढला. मी रोज डायरी लिहिणारा माणूस आहे, अंदाजावर बोलत नाही. गोळ्यावर लिंबू पिळलं. फसफसून फेस आला. म्हणजे चुना! डायरीत वेळेसकट नोंद केली. तीन दिवसांत सहा लिंबं गेली, तेव्हा बायको म्हणाली, "पोह्यांवर पिळायला लिंबू नाही, दगडांना आहे."

शिवाय चौथ्या गोळ्याला एक बारीक चीर होती आणि तिच्यातून तांबूस डाग ओघळलेला. म्हणजे लोह! त्या दिवशी मी डायरीची दोन पानं भरली.

एवढ्यात गच्चीच्या गळतीचं काम करायला बाबू मिस्त्री आला. या माणसाशी माझं सात वर्षांपासून बोलणं नाही. मी सोसायटीचा सेक्रेटरी असताना यानेच भिंतीचं प्लास्टर केलेलं, आणि त्या कामात माझी सहा इंची लोखंडी पट्टी गेली. वर कर्कटकाने माझं नाव कोरलेली. कुणी नेली हे मी तोंडाने कधी बोललो नाही, पण त्याच्याकडे ज्या नजरेने बघत आलो त्यावरून त्याला कळलेलं असणार.

मिस्त्री गोळ्यांकडे बघून घरतांना म्हणाला, की हा घमेल्यात वाळलेला सिमेंट-वाळूचा माल आहे, मीच टाकलेला.

आता त्याचं मी ऐकणार होतो? मी म्हटलं, निसर्गाच्या हजारो वर्षांच्या कामावर आयता हक्क सांगू नका. घरतांनी विचारलं, सगळे एकाच मापाचे कसे? मी म्हटलं, मधमाशीच्या पोळ्याची घरं एकाच मापाची कशी? घरत मान डोलावत निघून गेले. ते पटलं म्हणून नव्हे, हे मला नंतर कळलं.

रविवारी सोसायटीची मीटिंग झाली. पार्किंग पाहिजे असलेले तीसजण एका बाजूला, मी एका बाजूला. माझं म्हणणं एवढंच, की गोळे जागेवर राहतील, भोवती कुंपण होईल आणि पाटी लागेल. पाटीचा मजकूरही मी लिहून नेलेला. शेवटी घरत म्हणाले, "एक गोळा फोडू. आत शिंपला निघाला तर कुंपण मी घालतो. नाही निघाला, तर सातही गोळे तू स्वतः उचलायचे, घमेल्यात घालून, सगळ्यांसमोर."

"मंजूर," मी म्हटलं. "चौथा फोडा. आत लोह आहे."

मिस्त्रीने घण घातला. दुसऱ्याच घावाला गोळ्याची दोन शकलं झाली. सगळे वाकले. मी सगळ्यात पुढे.

आत लोह होतं. सहा इंच लांब. गंजलेलं, पण माझ्या आडनावाची शेवटची दोन अक्षरं स्वच्छ वाचता येत होती.

मिस्त्रीने ती पट्टी शर्टाला पुसली आणि माझ्या हातात दिली. "घ्या साहेब. सात वर्षं सांभाळली."

तरी मी मागे हटलो नाही. म्हटलं, एक गोळा मिस्त्रीचा असेल, बाकीच्या सहांचं काय? माझी जुनी डायरी बघा, असा माल टाकल्याची नोंद असेल तर दाखवा. बायको शांतपणे वर गेली, माळ्यावरून ती डायरी काढून आणली आणि तीस माणसांसमोर वाचली:

"दुपारी अडीच ते साडेचार. प्लास्टर थांबवले. मालात वाळू जास्त वाटल्याने पट्टी खुपसून तपासणी केली. माझे समाधान होईपर्यंत कोणीही घमेल्याला हात लावू नये, असे सांगितले. मिस्त्रीस योग्य प्रमाण समजावले. दरम्यान सात घमेली माल वाळून दगड झाला. मिस्त्रीचा हलगर्जीपणा. पट्टी हरवली. मिस्त्रीवर संशय."

तीस माणसं एकदम हसली की कसा आवाज होतो, ते मला आता माहीत आहे. मिस्त्री तेवढा हसला नाही. मी त्याच्यासमोर जाऊन हात जोडले. त्याने स्वतःचं घमेलं माझ्यापुढे सरकवलं. गोळा आत ठेवला. पंधरा इंच. तंतोतंत बसला.

सात खेपा केल्या. सहाव्या खेपेला कंबर धरून थांबलो, तर मिस्त्री मागून म्हणाला, "सावकाश साहेब, समाधान होईपर्यंत घमेल्याला दुसरं कुणी हात लावणार नाही."

आता हसा. पण मी अजून म्हणतो, पुस्तक बरोबर होतं. मधोमध एक कडक, न हलणारी वस्तू असते आणि तिच्यामुळे भोवतीचा सगळा माल दगड होतो. त्या दुपारी अडीच ते साडेचार ती वस्तू मी होतो.