मामांच्या फळीवरच्या बाटल्या

शेजारच्या काकूंनी खिडकीतून हाक मारली, "साताऱ्याहून फोन आलाय गं, लवकर ये," तेव्हा मी मामांसाठीच भडंग परतत होते. शनिवारची सकाळ होती. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने मी त्यांच्याकडे जाणार होते, सांगलीचं भडंग त्यांना फार आवडायचं. फोनवर मामी एवढंच म्हणाल्या, "मामा गेलं बाई... झोपेतच." मी घरी येऊन गॅस बंद केला आणि तशीच निघाले. त्याला आता दीड महिना होत आला.

मामा मूळचे दुष्काळी माण तालुक्यातले. फौजेत सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि साताऱ्यात स्थायिक झाले. फौजेनं त्यांना शिस्त दिली, खणखणीत आवाज दिला, पण 'नको' म्हणायला काही शिकवलं नाही. पोट भरल्यावर कुणी आणखी एक पोळी वाढली, तरी ते ताटावर हात आडवा धरत नसत. पाण्याची कळशीसुद्धा जपून वापरायच्या मुलखात वाढलेला माणूस. दिलेलं परत करणं त्यांना पापच वाटायचं. पुढे मधुमेहानं पायांच्या नसा धरल्या. तळपायांची रात्रभर आग व्हायची, चादर टेकलेलीही सोसायची नाही. आणि त्याच पायातली चप्पल रस्त्यात गळून पडली तरी यांना पत्ता नाही! गल्लीतलं कुणीतरी मागून चप्पल घेऊन धावत यायचं. रोज संध्याकाळी साताऱ्यातल्या 'चार भिंती' स्मारकाची टेकडी चढणारे मामा घरात भिंत धरून चालू लागले. "आता आमच्या चार भिंती ह्याच," म्हणून हसायचे, पण टेकडी सुटली हे त्यांना फार लागलं होतं.

मामांवर माणसांचा जीव. भेटायला येणारा मोकळ्या हातानं येईना. पलटणीतल्या दोस्तानं ताकदीच्या गोळ्या आणल्या, शेजाऱ्यांनी अमेरिकेतल्या मुलाकडून जीवनसत्त्वांची भलीमोठी बाटली मागवली, मामींच्या भावानं माशाच्या तेलाच्या कॅप्सूल दिल्या. मीही कशी मागे राहीन? ऑफिसातल्या बाईंनी "नसांसाठी एक नंबर" म्हणून सांगितलेली बाटली मी सांगलीहून नेऊन दिली. मामा सगळ्यांच्या गोळ्या रोज घ्यायचे. मामी कुरकुरायच्या, "आवं, इतक्या एकदम?" त्यावर मामांचं ठरलेलं उत्तर, "समद्यांनी मायेनं दिल्यात. एकाची खाल्ली आन् दुसऱ्याची ठिवली, तर त्याला काय वाटंल?"

असं वर्षभर चाललं. आग कमी व्हायची सोडून वाढतच गेली, हाताच्या बोटांनाही मुंग्या येऊ लागल्या. एका लग्नासाठी मामा सांगलीला आले तेव्हा मी त्यांना हट्टानं इथल्या डॉक्टरांकडे नेलं. काय काय घेता, असं डॉक्टरांनी विचारताच मामांनी फौजी थैली टेबलावर उलटी केली. प्रवासातही एकही बाटली मागे ठेवली नव्हती! डॉक्टर लेबलं वाचत राहिले.

"सुभेदार, एवढ्या गोळ्या लिहून कुणी दिल्या?"

"लिहून न्हाई दिल्या कुणी. माणसांनी दिल्या."

डॉक्टर हसले नाहीत. बहुतेक बाटल्यांत एकच जीवनसत्त्व होतं, नावं तेवढी वेगळी. बेतानं घेतलं तर ठीक, पण इतकं झालं की तेच नसांना छळतं, असं त्यांनी समजावलं. सगळ्या बाटल्या बंद करा, साखर सांभाळा आणि मी देतो ती एकच गोळी घ्या, म्हणाले. अति तिथे माती म्हणतात ना, ती आम्ही सगळ्यांनी मिळून, अगदी प्रेमानं केली होती.

घरी आल्यावर मी म्हटलं, "मामा, आता फेकून द्या हे सगळं."

"फेकू? आन् माणसं आली की त्यांस्नी काय दावू?"

त्यांनी त्या गोळ्या कायमच्या सोडल्या, बाटल्या मात्र फळीवर ओळीनं मांडल्या. कोण येणार हे कळलं की त्याची बाटली पुसून, लेबल बाहेर करून पुढे ठेवायची, हा त्यांचा नेम. पाहुणा खूश व्हायचा आणि विचारायचा, "सुभेदार, फरक पडला का?"

"पडला की! लय पडला."

मी एकदा टोकलंच, "मामा, खोटं बोलता?"

"खोटं कुठलं गं? बंद केल्यापास्नं पडलाच की फरक!" आणि डोळा मिचकावला.

फरक खरंच पडला. हळूहळू पडला आणि पुरता पडला नाही. मधुमेहाची थोडी आग शेवटपर्यंत राहिलीच. पण मागच्या पट्ट्याच्या चपला घालून, हातात काठी घेऊन मामा पुन्हा टेकडी चढले. त्या दिवशी त्यांनी बूथवरून मला फोन केला आणि वर वारा कसा सुटला होता, तेच सांगत बसले. स्वतःचा पाय वाचवायचा आणि कुणाचं मनही मोडायचं नाही, हे त्यांना जमलं. मला एवढ्या वर्षांत असं दुसरं माणूस भेटलं नाही. सगळं ठाऊक असूनही, त्यांच्याकडे गेले की मीही हटकून विचारायचेच, "मामा, फरक पडला का?" त्यांना ते उत्तर द्यायला फार आवडायचं.

तेराव्यानंतर परत निघताना त्यांच्या खोलीत गेले. फळीवर बाटल्यांवर धूळ बसली होती. एकच पुसलेली होती, सगळ्यांच्या पुढे, लेबल बाहेर... माझी.

मामी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "शुक्रवारी सांजच्याला ठिवली गं त्यांनी. म्हनले, ऐतवारी पोरगी येतीय, इचारल्याबिगर ऱ्हायची न्हाई."

बाटली तिथेच राहू दिली. मामींना एवढंच सांगून आले, ती मागे सारू नका.