डोळं झाकून द्या

"डोळं झाकून द्या," असं म्हणताना शेठ स्वतःचेच डोळे झाकत. उजवा हात छातीवर, डावा वजनकाट्यावर, आणि चेहरा असा की समोरच्याला वाटावं, हा गृहस्थ आत्ताच काकडआरती करून आलाय. मग एक डोळा हळूच किलकिला करून ते बघत, पाहुण्यांना पटलं की नाही.

तुमच्याही गावात असं एक दुकान असणार. मुलीकडचे लोक मुलाच्या घरी जायच्या आधी गुपचूप चौकशी करायला येतात, आणि गुपचूप चौकशी करायला सगळे फाट्यावरच्या त्याच पहिल्या दुकानात शिरतात. आमच्या पोशीर गावात ते दुकान शेठचं. किराणा, गूळ, खिळे, अगरबत्ती, आणि मुलांचे दाखले. शेजारी माझं झेरॉक्सचं दुकान, मध्ये नुसता पत्रा. त्यामुळे गावातलं जवळजवळ प्रत्येक लग्न मी आधी कानांनी पाहिलंय.

चौकशीला येणारी मंडळीही ठरलेली. एक मामा, एक काका, आणि एक असा माणूस जो नक्की कोण हे शेवटपर्यंत कळत नाही. मुलगी कधीच नसते. मंडळी थंडा पितात, उगाच एक बिस्किटपुडा घेतात आणि इकडेतिकडे बघत विचारतात, "काय शेठ, अमक्याचा पोरगा कसा हाय?"

शेठची भाषा मला हळूहळू समजायला लागली. "जरा रागीट हाय, पन मनाचा मोकळा" म्हणजे हात उचलतो. "जेवनाखान्यात शिस्तीचा" म्हणजे ताट फेकतो. "पयल्या लग्नाचं काय जमलं नाय" म्हणजे पहिली जीव घेऊन पळाली. आणि या सगळ्यावर झाकण म्हणून शेवटी, "पोरगी डोळं झाकून द्या."

मी एकदा म्हटलं, "शेठ, त्या मुलानं पहिल्या बायकोचा हात मोडला. तुमच्याच टेम्पोतून तिला नेरळच्या दवाखान्यात नेलं होतं ना?"

"नेलं ना. पन वहिनी, लगीन मोडायचं पाप आपन कशाला घ्यायचं?"

हात मोडायचं पाप कुणी घ्यायचं, ते त्यांनी सांगितलं नाही. लग्नाचा किराणा मात्र त्यांच्याच दुकानातून गेला. आठ दिवस पोती भरत होते.

खोटं कशाला बोलू, माझ्या लग्नाची चौकशीही याच दुकानात झाली. माझे मामा आले, थंडा प्यायले, शेठनी डोळे झाकले आणि मी इथे आले. माझा नवरा घोरतो, पण माणूस भला आहे. यात शेठचं काही कर्तृत्व नाही. तो नसता भला, तरी त्यांनी डोळे तेवढेच घट्ट झाकले असते.

आमच्या घरातलंही सांगते. दिराचं घर आणि आमचं घर यांत भिंत एकच. दिराच्या मुलाचं, म्हणजे माझ्या पुतण्याचं, लग्न झालं तेव्हाही शेठनीच दाखला दिला होता. सून आठ महिने राहिली. भिंतीतून सगळं ऐकू यायचं. एका संध्याकाळी तिकडून भिंतीवर थापा पडल्या, दोनतीनदा. मी टीव्हीचा आवाज वाढवला. मग ती माहेरी गेली ती गेलीच, आणि आमच्याकडे ठरलं की तिला गावात करमलं नाही. मीही तेच सांगत सुटले. म्हणजे शेठना हसायचा मला किती अधिकार आहे, ते तुम्हीच ठरवा.

मध्यंतरी कर्जतहून एक मुलगी माझ्या दुकानात आली. फॉर्म भरता भरता हळू आवाजात म्हणाली, "काकू, मुलानं आधी कुणाला मारलंय का, हे ऑनलाइन निघतं का?" मी तिला सातबारा काढून देऊ शकत होते, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गाडीचा जुना दंडसुद्धा. हे तेवढं निघत नव्हतं. आणि उद्या सरकारनं तसा कागद द्यायचा म्हटलं, तरी आमच्या गावातले सगळे मुलगे कोरे करकरीत निघतील. तक्रार कधी कुणी केलीच नाही. हात मोडला तेव्हा ती विहिरीवर पडली होती, कानाला लागलं तेव्हा ती दारावर आपटली होती. आमच्याकडची दारं फार मारकुटी आहेत.

मग शेठच्या धाकट्या लेकीचं लग्न निघालं. वैशाली. गल्ल्यामागे पोत्यावर बसून मोठी झालेली, बापापेक्षा हिशेबाला पक्की. स्थळ आलं खोपोलीकडचं, शिळफाट्याच्या पुढच्या एका गावातलं. मुलगा कंपनीत, पहिलं लग्न मोडलेलं. शेठ स्वतः चौकशीला गेले आणि जेवायच्या वेळेला परतसुद्धा आले.

"एवढ्यात झाली चौकशी?" मी पत्र्याआडून विचारलं.

"फाट्यावरच्या दुकानात विचारलं ना. दुकानदार बोलला, डोळं झाकून द्या."

मी हसायलाच लागले. "अहो शेठ, हे तर तुमचंच वाक्य!"

"म्हनून तर पटलं," शेठ म्हणाले. "आपल्या लायनीतला मानूस. आपल्याशी खोटं कशाला बोलंल?"

आयुष्यभर पाण्यात दूध घालून विकलेला हा माणूस दुसऱ्या गावात जाऊन दूध प्यायला, आणि वर मिशा पुसत आला.

वर्षाच्या आत वैशाली परत आली. सकाळची वेळ, मी शटर उघडत होते. रिक्षातून उतरली, हातात एक पिशवी, कानात कापसाचा बोळा. डाव्या बाजूनं हाक मारली तर तिला कळत नव्हतं. शेठ काट्यापाशी उभे होते. त्यांनी काही विचारलं नाही, तिनंच विचारलं.

"बाबा, तुमी तिथं चौकशी केलेलीत ना?"

"केली गं. दुकानात विचारलं."

"काय बोलला तो?"

शेठ साखरेचं माप शोधायला लागले. तीच म्हणाली, "डोळं झाकून द्या बोलला असंल."

आणि आत गेली. शेठनी समोरच्या गिऱ्हाइकाला अर्धा किलो साखर मोजली, पुडी बांधली आणि स्वतःच्याच खिशात घालायला लागले. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांची कीव आली. राग त्याहून जास्त आला.

आठ दिवस दुकान बंद होतं. नवव्या दिवशी उघडलं तेव्हा दारात एक लाकडी बाक होता. पूर्वी शेठ चौकशीवाल्यांना कधी बसू देत नसत, माणूस बसला की जास्त विचारतो म्हणून. आता गाडी थांबली, मामा-काका उतरले, त्यांनी त्या हात मोडणाऱ्याचंच नाव घेतलं, आता तिसऱ्या लग्नासाठी; दुसरीही टिकली नव्हती. शेठनी बाकाकडे हात केला.

"बसा. आधी पानी प्या."

मामा बसले. पाणी प्यायले. मग शेठनी डोळे उघडे ठेवून सगळं सांगितलं. कुठला हात, कुठल्या दवाखान्यात, टेम्पोत ती काय बोलली, सगळं. मामांचा बिस्किटपुडा बाकावरच राहिला.

गावात आग लागली. देवळापुढे बैठक बसली. ज्यांच्या बायकांना विहिरीवर पडायची सवय होती, ते सगळे पुढच्या रांगेत. त्यात प्लॉटिंगचा धंदा करणारे एक पुढारी होते, ते फार कळवळून बोलले.

"शेठ, पोरगं सुधारलं असंल तर? जन्मभर त्याच्या कपाळावर लिवून ठेवनार का?"

मुद्दा खोटा नव्हता. मलाही क्षणभर पटला.

"सुधारला असंल तर त्यानं सोता सांगावं," शेठ म्हणाले. "तरीपन ती हो बोलली तर मी अक्षता टाकायला येतो. मी कुनाच्या घरी जाऊन सांगत नाय. विचारलं तर सांगतो, नाय विचारलं तर साखर देतो. तुमी पलाट विकता. घेनारा आधीचा मालक कोन ते विचारतो का नाय? मग पोराची आधीची बायको कोन, ती का गेली, हे विचारलं तर तुमच्या पोटात का दुखतं?"

पुढारी म्हणाले, जमिनीची गोष्ट वेगळी. तिथे लोक फसतात.

बैठकीनंतर अर्ध्या गावानं साखर दुसऱ्या दुकानातून आणायला सुरुवात केली. उरलेल्या अर्ध्या गावातल्या बायका मागच्या दारानं यायला लागल्या. "माझ्या मुलीला अमुक गावचं स्थळ आलंय, जरा बघाल का?" असं विचारायच्या. शेठ टेम्पो काढत. आता ते कुठल्याही दुकानात शिरत नसत. सरळ विचारत, "त्या घराला भिंत लागून कोन राहतं?" आणि तिथे जाऊन बसत.

म्हणून त्यांना संत वगैरे करू नका. खरं बोलायचीही त्यांना नशा चढली होती. एका बिचाऱ्याचं लग्न त्यांनी तो झोपेत बडबडतो म्हणून मोडत आणलं. दुसऱ्याबद्दल सांगितलं की सातवीत असताना यानं आमच्या बरणीतल्या गोळ्या चोरल्या. शेवटी वैशालीच आतून ओरडली, "बाबा, मारतो का, तेवढं सांगा! बाकीचं पोरगी बघंल!" तेव्हापासून शेठ तेवढंच सांगत.

एक दिवस गिऱ्हाईक नव्हतं. शेठ पत्र्याला टेकून उभे होते.

"वहिनी, तुमच्या पुतन्यासाठी कोन आलं तर काय सांगू?"

माझ्या हातातला कागद मशीनमध्ये वाकडा गेला. "मला काय विचारता? तुम्हाला वाटेल ते सांगा."

"मला कुठं काय ठाव हाय? भिंत तुमची हाय," शेठ म्हणाले आणि काटा पुसायला लागले. परत कधी त्यांनी तो विषय काढला नाही. मी मात्र तेव्हापासून पाहुण्यांची गाडी थांबली की मशीन चालू करायचे, कागद असो वा नसो.

मागच्या थंडीत शेठ गेले. दुपारी दुकानात बसल्या बसल्या. शोकसभेला पुढारी दोन शब्द बोलायला उभे राहिले. म्हणाले, असा सत्यवचनी माणूस होणे नाही, डोळे झाकून विश्वास ठेवावा. दुसऱ्या दुकानातली साखर खाणारे सगळे माना डोलावत होते. वैशाली भिंतीपाशी उभी होती. ऐकू येणारा कान तिनं पदरानं झाकून घेतला.

ती आता कर्जतला नोकरीला जाते. दुकानाचं शटर बंद असतं. बाक तेवढा तिनं माझ्या दारात आणून ठेवला. "काकू, तुमच्याकडे असू दे," एवढंच म्हणाली. त्यामुळे फाट्यावरचं पहिलं उघडं दुकान आता माझं आहे.

गेल्या रविवारी नवरा चहा पिता पिता म्हणाला, "पुतण्याला स्थळ आलंय. आज चौकशीला येतील. तुझ्या दुकानात आले तर नीट बोल." नीट म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

अकराच्या सुमाराला गाडी थांबली. मामा उतरले, काका उतरले, तो तिसरा माणूस उतरला. मागच्या सीटवर मुलगी बसली होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मुलगी आलेली पाहिली. हातांत बांगड्या, काच खाली केलेली, आणि ती त्या बंद शटरकडे बघत होती. मामांनी उगाच माझ्याकडे आधार कार्डाची झेरॉक्स मागितली. मग इकडेतिकडे बघत, आवाज उतरवून, माझ्या पुतण्याचं नाव घेतलं.

"पोरगा कसा हाय, ताई?"

वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. वीस वर्षं ऐकलेलं. म्हटलं असतं की गाडी निघून गेली असती, घरी चहा झाला असता, आणि संध्याकाळी भिंतीपलीकडे पेढे वाटले गेले असते.

मी मशीन बंद केलं. बाहेर आले आणि बाक सावलीत ओढला.

"बसा," मी म्हटलं. "मुलीलाही बोलवा. आधी पाणी प्या."