कडूबा सरांची शाबासकी

सोनाळ्याच्या शाळेत कडूबा सरांचं इंग्रजी म्हणजे निव्वळ खेळ. दोन पोरं दोन वाक्यं घेऊन उभी राहायची आणि तिसरं मध्ये शिरून दोघांचे हात धरायचं. ते कधी ‘अँड’, कधी ‘बट’, कधी ‘बिकॉज’. पोरं हसून लोटपोट व्हायची.

परवा नववीतली जयमाला उठली. “सर, दोन्ही वाक्यं मीच म्हन्तो.”

उद्यापासून मी शाळेत येणार नाही, हे तिचं इंग्रजीतलं पहिलं वाक्य. माझं लग्न ठरलं, हे दुसरं. मधला ‘बिकॉज’ही तिनंच घातला. चूक शोधायला टपलेल्या सरांच्या तोंडून सवयीनं “शाब्बास!” निघून गेलं, वर्गानं टाळ्या पिटल्या, आणि मग कुठं सरांना अर्थ लागला.

संध्याकाळी ते तिच्या घरी धडकले. “पोरगी लहान आहे, लगन थांबवा!”

“आता काऊन, सर?” बाप गोंधळला. “थे तं अडूनच बसली होती. म्हने, सरायले विचारतो, थे नाही म्हन्ले तं मी बोहल्यावर चढत नाही. तुमी तं शाब्बास म्हन्ले.”

जयमालानं पाण्याचा गिलास सरांपुढं ठेवला. वर मात्र पाहिलं नाही.