तळ्याच्या गेटाचं कुलूप

शालन, हे पत्र उघडलंस की आधी बोलणी खा. मी लग्न होऊन दिल्लीला निघाले तेव्हा तू सख्खी बहीण असून कऱ्हाडच्या स्टेशनावर आलीच नाहीस. रुसून माजघरात बसलीस. आई गाडीबरोबर दहा पावलं चालली, अण्णा उगीच घड्याळ बघत राहिले, आणि मी खिडकीतून तुलाच शोधत होते. त्यानंतर एकदाही इकडे फिरकली नाहीस, आणि परवा फोनवर म्हणतेस, "तुझं काय बाई, तू तिकडचीच झालीस." तिकडची म्हणजे कुठची, ते विचारू नकोस. इथे तळ्यावर जे घडलं त्याला चार दिवस झाले, तेव्हापासून माझं डोकं सुन्न आहे.

लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधली वर्षं तुला पत्रांतून ठाऊक आहेत. पुढे नव्वदीनंतर, टीव्हीवर रोज नवं चॅनेल दिसायचं आणि जो तो गाडी घ्यायच्या गोष्टी करायचा, तेव्हा ह्यांनी नोएडात घर घेतलं. आलो तेव्हा घरं थोडी आणि आखलेले रस्तेच फार. मी चक्क रडले होते. मग पार्कातलं तळं सापडलं आणि रुळले.

तळ्याभोवतीची फेरी अगदी सोपी, माझे गुडघेसुद्धा कुरकुरत नाहीत. टिबुकल्या इथे बुडी मारतात नि भलतीकडेच वर येतात. पाणकोंबड्या शेपट्या उडवत गवतात पळतात. हळदीकुंकू बदकंही येतात, चोचीच्या टोकाला पिवळं, कपाळाशी लाल ठिपके. नातीला दाखवलं तर म्हणते, "आजी, हळदीकुंकू मतलब?" जाऊ दे.

आम्ही सहा-सात बायका रोज सकाळी फिरतो. पाण्यात पणत्या, हार, प्लॅस्टिकच्या पिशव्या तरंगायला लागल्या, तेव्हा मीच अर्ज लिहिला, हिंदीत, स्वतःच्या हातानं. पलीकडच्या जुन्या गावाच्या बाजूचं छोटं गेट बंद ठेवा, पक्ष्यांना त्रास होतो. पहिली सही माझी. कुलूप लागलं त्या दिवशी मी घरी शिरा केला.

चार दिवसांपूर्वी त्या गेटापलीकडे गाणी म्हणत बायका आल्या. मधे एक कोवळी पोर, डोक्यावर पितळी घडा, पदर तोंडावर ओढलेला. पुढे काठी टेकत एक म्हातारी. मी गेले आणि माझ्या गोडातल्या गोड हिंदीत म्हटलं, "माताजी, यहाँ पूजा मना है. पंछी डर जाते हैं."

म्हातारीनं मला खालपासून वर पाहिलं. "पंछी? अरी, पंछी तो म्हारी भैंसों की पीठ पे बैठे रहते थे. कहाँ रहो हो बहनजी?"

मी ऐटीत बोट केलं. पार्काला लागून तिसरं घर.

"वाँ तो म्हारी सरसों होवे थी," ती म्हणाली. रागानं नाही गं, माझ्या घराच्या जागी त्यांचं मोहरीचं शेत होतं, हे साधं सांगावं तसं. "बहू का पहला बच्चा है. यो जोहड़ पूजे बिना म्हारी कोई बहू पानी भरने ना लगी."

जोहड़ म्हणजे तळं; बाळंतपणानंतर ते पुजल्याशिवाय यांची सून पाणी भरायला लागत नाही. शालन, मला इतकी वर्षं वाटत होतं, हे तळं पार्काबरोबरच खोदलं असणार! रोज फेऱ्या मारल्या, पण कधी कुणाला विचारलं नाही.

आणि मला क्वार्टरमधली माझीच पहिली खेप आठवली. सव्वा महिना झाला, बाळंतिणीनं पाण्यावर जायचं, आणि तिथे विहीर कुठली? आईनं पत्रात लिहिलं होतं, "नळालाच हळदकुंकू वाहा. पाण्याला बाळाची ओळख दिली म्हणजे झालं." मी वाहिलं. कुणी अडवलं नव्हतं मला.

मी वॉचमनकडे धावले. "भैया, ताला खोलो, जल्दी!"

"मैडम, ऑर्डर है. आप ही ने तो लिखवाया था." चावी ऑफिसात, आणि ऑफिस दहाला उघडणार.

परत येऊन म्हातारीला म्हटलं, मोठ्या गेटानं या. ती म्हणाली, "अपने जोहड़ पे चक्कर काट के जाएँ? ना."

मग त्या पोरीनं घडा उतरवला. माझ्या डोळ्यांदेखत कुलपाला हळद लावली, कुंकू लावलं, वर पाणी ओतलं, हात जोडले आणि सगळ्या वळल्या. कुणी गाणं म्हटलं नाही. पाण्याचा ओघळ गेटाखालून माझ्या चपलांपर्यंत आला.

आता मी दुसरा अर्ज दिलाय, कुलूप काढा म्हणून. बरोबर फिरणाऱ्या बायका माझ्याशी बोलत नाहीत. हे म्हणतात, "आधी बंद करा, मग उघडा, बिल्कुल सरकारी कारभार!" मला हसू येत नाही. घर सुटलं ते माझंच, असं मी जन्मभर तुम्हाला ऐकवत आले. ती म्हातारी तर कुठेच गेली नाही गं, जागची हललीसुद्धा नाही, तरी बाहेर राहिली. 'माझं घर' म्हणताना आता जीभ अडते. आणि दुसरं घर मला नाही, हेही तितकंच खरं.

तिचं गाव दोन गल्ल्या पलीकडे आहे. तिच्या दारात जायचंय, पण एकटीची छाती होत नाही. तू ये. झबलं-टोपडं तुझ्यासारखं कुणाला शिवता येत नाही, तेवढं शिवून आण. मुलगा की मुलगी, नाव काय ठेवलं, मी काही म्हणजे काही विचारलं नाही बघ. पण बाळाच्या अंगाला बसेल तोवर ये.